लोणासुराचा मुखवटा : लोककथा आणि विज्ञानकथा यांच्या संयोगाची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन रंगमंच, कलाशिक्षणाची वार्षिक प्रदर्शने आणि चित्रपटांची पूर्वतयारी या क्षेत्रांत 'संकल्पना-मुखवटा' हा शब्दप्रयोग आता ऐकू येऊ लागला आहे. एखाद्या कल्पित जगाचा, पात्राचा किंवा विचाराचा चेहरा कसा असू शकेल हे पाहण्यासाठी घडविलेला मुखवटा, असा त्याचा ढोबळ अर्थ सांगता येईल. अशा मुखवट्यांत एक जोडी विशेषत्वाने आढळते. एका बाजूला लोककथेतील देव, असुर, वेताळ. दुसऱ्या बाजूला विज्ञानकथेतील यंत्रमानव, अंतराळयान आणि परग्रहवासी. दोन्ही एका चेहऱ्यावर आणले की काहीतरी नवे निर्माण झाले, असा समज त्यामागे असतो. हा समज कितपत खरा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विचार हवेत राहू नये म्हणून त्याला एक भूमी देणे आवश्यक आहे. बुलढाणा जिल्ह्याचे लोकव्यवहारात दोन भाग पडतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. नांदुरा तालुक्यातील, मुंबई-कोलकाता महामार्गावरचे वडनेर भोलजी हे गाव घाटाखालचे, पूर्णेच्या खोऱ्यातले. लोणार घाटावर, जिल्ह्याच्या दक्षिणेकडे. लोणारचे सरोवर भूवैज्ञानिकांच्या दृष्टीने उल्काघाताने झालेले विवर आहे, तर लोककथेच्या दृष्टीने ते लोणासुराचे बीळ आहे. लोककथा आणि विज्ञान एकाच खड्ड्याविषयी बोलत आहेत, असे ठिकाण महाराष्ट्रात दुसरे सहसा सापडणार नाही. तेव्हा वडनेर भोलजीसारख्या गावातील एखाद्या विद्यार्थ्याने लोणासुराचा संकल्पना-मुखवटा घडवावयाचे ठरविले, तर त्याने कशापासून सावध राहावे आणि कशाला धरून राहावे, असा प्रश्न येथे समोर ठेवला आहे.

मुखवटा, सोंग आणि मास्क

मराठीत या वस्तूसाठी आज तीन शब्द वावरतात. २०२० नंतर 'मास्क' म्हणजे नाकातोंडावर बांधावयाचे कापड, असा अर्थ खेड्यापाड्यांत पक्का झाला. 'मुखवटा' या शब्दाला शहरी लेखनात खोटेपणाचा वास लागला. मुखवटा फाडणे, मुखवट्याआडचा माणूस शोधणे ही आधुनिक साहित्याची आवडती क्रिया ठरली. घराघरांतील व्यवहारात मात्र या शब्दाला तो वास नाही. वऱ्हाडात भाद्रपदात ज्येष्ठागौरी म्हणजे महालक्ष्म्या बसतात, तेव्हा मुखवटा हा देवीचा चेहराच असतो. त्याच्या मागे कोणी दडलेले नसते. खाली कोठी किंवा लोखंडी सांगाडा, त्यावर लुगडे, त्यावर मुखवटा, आणि आवाहनापासून विसर्जनापर्यंत तीन दिवस त्या वस्तूला घरात माहेरवाशिणीचा मान. मुखवटा पितळेचा असो, शाडूचा असो की अलीकडे बाजारात येणारा फायबरचा, त्याने भक्तीत फरक पडत नाही. ही बाब पुढील विवेचनात उपयोगी पडणारी आहे. परंपरेने नवे साहित्य कधीच नाकारलेले नाही. त्यामुळे केवळ साहित्य नवे वापरले म्हणून मुखवटा भविष्यातला होत नाही.

तिसरा शब्द 'सोंग'. तो सर्वांत महत्त्वाचा होय. सोंगात मुखवटा हा केवळ एक भाग असतो. वेश, चाल, वाद्याचा ठेका, येण्याची वेळ आणि पाहणाऱ्यांची अपेक्षा मिळून सोंग पूर्ण होते. 'सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही' ही म्हण सोंग 'आणले' जाते हे सांगते. ते केवळ चढविले जात नाही. संकल्पना-मुखवट्याची पहिली अडचण येथेच सुरू होते. तो बहुधा भिंतीवर टांगण्यासाठी, छायाचित्रासाठी किंवा संगणकाच्या पडद्यासाठी असतो. त्याला चाल नसते, वाद्य नसते, मुहूर्त नसतो.

परंपरेतील मुखवट्याचे व्याकरण

महाराष्ट्रात मुखवट्याची सर्वांत समृद्ध परंपरा बोहाड्याची आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा आणि नाशिक जिल्ह्याचा पश्चिम आदिवासी पट्टा हा त्याचा मुलूख. वसंतात, होळीच्या पुढच्या दिवसांत, रात्रभर एकामागून एक सोंगे येतात. आरंभी गणपती व शारदा. मग रामायण-महाभारतातील पात्रे, राक्षस, वेताळ, खंडेराव इत्यादी. संबळाच्या आणि सनईच्या आवाजावर प्रत्येक सोंग आपल्या चालीने नाचत जाते. मुखवटे पूर्वी लाकडाचे असत, कागदाच्या लगद्याचेही असतात. बरीच सोंगे बोलत नाहीत. ज्याला गोष्ट ठाऊक आहे त्याच्यापुढे ती येतात आणि जातात.

या मुखवट्यांची डोळ्यांची खोबणी, वटारलेली बुबुळे, ठळक रंग यांचे वर्णन आजवर पुष्कळ झाले आहे. त्यांच्या व्याकरणाकडे लक्ष कमी गेले. मुखवटा मोठा व जड असल्यामुळे घालणाऱ्याची मान ताठ राहते. मान ताठ राहिल्यामुळे वळताना संपूर्ण धड वळते. धड वळल्यामुळे सोंगाला माणसापेक्षा वेगळी, किंचित अमानुष चाल येते. मुखवट्याआड दृष्टी आक्रसते, श्वास कोंडतो, म्हणून पावले ठेक्याच्या आधाराने टाकावी लागतात. म्हणजे देवत्व किंवा असुरत्व हे रंगापेक्षाही शरीरावर पडलेल्या बंधनातून निर्माण होते. मुखवटा घालणाऱ्याला तो काही करू देत नाही, आणि जे करू देत नाही त्यातून पात्र घडते.

कोकणातील दशावतारात संकासुराचे पात्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. काळा चेहरा, बाहेर लोंबणारी लाल जीभ आणि वेद पळविणारा असुर म्हणून झालेला प्रवेश. पण हाच असुर मालवणीत बोलू लागतो, टोमणे मारतो, समोरच्या गावकऱ्यांना हसवतो. भयानक चेहरा आणि ओळखीची बोली यांच्या विसंगतीतून त्याचे नाट्य उभे राहते. चेहऱ्याने जे सांगितले ते आवाजाने खोडून काढण्याची मुभा लोकपरंपरेने असुराला दिली आहे, देवांना क्वचितच. असुराचा मुखवटा करू पाहणाऱ्या कलावंताने ही मुभा विसरू नये.

नागपूरच्या मारबतींचा उल्लेखही येथे करावा लागेल. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघते असे सांगितले जाते. त्यांच्याबरोबर निघणारे बडगे दरवर्षी नवे असतात आणि त्या त्या वर्षीच्या सार्वजनिक त्रासाला चेहरा देतात. मारबत तीच, बडगा नवा. परंपरेला वर्तमान चालते. ते कोठे बसवायचे याची जागा तिने आधीच ठरवून ठेवली आहे.

शेजार आणि संयोग

चांद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरले आणि त्यानंतर महिन्याभरातच आलेल्या गणेशोत्सवात ठिकठिकाणी चांद्रयानाचे देखावे उभे राहिले. त्यातील आनंद खरा होता, त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. पण कलादृष्ट्या पाहता तेथे मूर्ती एका जागी होती आणि यान तिच्या बाजूला. दोघांचा एकमेकांवर काहीही परिणाम झालेला नव्हता. यान काढून धरण ठेवले असते तरी मूर्ती तशीच राहिली असती. याला शेजार म्हणावे, संयोग म्हणू नये. संकल्पना-मुखवट्यांपैकी पुष्कळसे याच प्रकारचे असतात. अर्धा चेहरा राक्षसाचा, अर्धा यंत्रमानवाचा. कपाळावर विद्युतमंडलाच्या रेषा. डोळ्यांच्या जागी निळे दिवे. मधोमध चेहरा दुभंगण्याची ही युक्ती तर इतकी झिजली आहे की तिच्यातून आता दोन्हींपैकी एकही बाजू दिसत नाही.

संयोग कसा साधतो याची उदाहरणे बाहेरही आहेत. १९७७ च्या 'स्टार वॉर्स' या अमेरिकी चित्रपटातील डार्थ व्हेडरचा मुखवटा जपानी सामुराईच्या शिरस्त्राणावर बेतलेला आहे, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या मुखवट्याला जे जीवन लाभले ते शिरस्त्राणामुळे नव्हे. रेखाटनकार राल्फ मॅक्वारी यांच्यापुढे एक व्यावहारिक प्रश्न होता. हे पात्र एका यानातून दुसऱ्या यानात, म्हणजे निर्वात पोकळीतून जाणार, तर ते श्वास कसे घेईल? त्यातून श्वसनयंत्र असलेला मुखवटा आला आणि पुढे तो श्वासाचा आवाज हीच पात्राची ओळख ठरली. जुने रूप आणि नवे कारण एकमेकांत अडकले. २०१८ च्या 'ब्लॅक पँथर'मध्ये एका पात्राने संग्रहालयातून उचललेला आफ्रिकी मुखवटा वेगळ्या रीतीने काम करतो. तेथे मुखवट्यात यंत्र नाही. तो कोणी, कोठून आणि कोणत्या हक्काने आणला, हा प्रश्न त्याच्यासोबत पडद्यावर येतो. पहिल्या उदाहरणात मुखवट्याला शरीराची गरज मिळाली, दुसऱ्यात इतिहासाची.

वामनाचे उदाहरण

मराठी विज्ञानसाहित्यात या प्रश्नाला सर्वांत जवळ जाणारे उदाहरण मुखवट्याचे नसून नावाचे आहे. जयंत नारळीकर (निधन २० मे २०२५) यांनी 'यक्षांची देणगी' (१९७९) या संग्रहाच्या शीर्षकातच पुराणातील यक्ष आणले आणि 'वामन परत न आला' (१९८६) या कादंबरीत एका यंत्रमानवाला वामन हे नाव दिले. उत्खननात सापडलेल्या एका पुरातन, प्रगत संस्कृतीच्या ज्ञानाच्या आधारे हा यंत्रमानव घडविला जातो, आणि हळूहळू तो माणसांच्या हाताबाहेर जाऊ पाहतो.

नाव हाही एक प्रकारचा मुखवटाच असतो. तो येथे का शोभतो? कारण नावामागील कृती आणि यंत्रमानवाची कृती एक आहे. लहानशी मागणी घेऊन आलेला बटू दान मिळताच विश्व व्यापतो. लहानशा उपयोगासाठी घडविलेले यंत्र एकदा मुभा मिळाली की आवरत नाही. नारळीकरांनी वामनाच्या छत्राची किंवा कमंडलूची आठवण यंत्रमानवाच्या रूपात कोठे ठेवली नसती तरी काही बिघडले नसते. कथेचा सांगाडा जुळला की अलंकारांची गरज उरत नाही. त्यात आणखी एक पदर आहे, तो लेखकाला अभिप्रेत होता की नाही हा प्रश्न वेगळा. महाराष्ट्रात वामनाची कथा एकाच बाजूने सांगितली जात नाही. बळीराजाची आठवण येथे शेतकऱ्याच्या घरात जिवंत आहे आणि जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) वामनाला अवतार न मानता आक्रमक मानले. त्यामुळे धोकादायक यंत्राला वामन म्हणताना मराठी वाचकाच्या मनात एकाच वेळी दोन कथा जाग्या होतात. लोककथा अशी आपल्याबरोबर तिच्या विरोधकालाही घेऊन येते, आणि हे ओझे मुखवट्यालाही उचलावे लागते.

नारळीकरांच्या बाबतीत हेही नमूद केले पाहिजे की पुराणकथांतील नावे वापरताना त्यांनी पुराणांना विज्ञानाचा दाखला केले नाही. त्यांची वैचारिक लेखनातील भूमिका नेमकी उलट होती. कथेत यक्ष चालतो. प्रयोगशाळेत यक्ष साक्षीला येत नाही. लोणारच्या बाबतीत हे भान सुटण्याची शक्यता फार मोठी आहे.

लोणारची कथा आणि विवराचे वय

कथा थोडक्यात अशी. लोणासुर किंवा लवणासुर नावाचा असुर जमिनीखाली, झाकण घातलेल्या बिळात राहून भोवतालच्या मुलखाला त्रास देत असे. विष्णू देखण्या तरुणाच्या रूपात आला, त्याने असुराच्या दोन बहिणींना मोहित करून बिळाचे ठिकाण जाणून घेतले, पायाच्या अंगठ्याने झाकण उडविले आणि आत निजलेल्या असुराला मारले. सरोवराचे पाणी हे असुराचे रक्त आणि क्षार हे त्याचे मांस मानले गेले. या विष्णूला दैत्यसूदन म्हणतात. लोणार गावातील त्याच्या मंदिराच्या छतावर हा वध कोरलेला आहे.

विज्ञानाची कथा नंतरची. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केली. पुढे दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख समजले जाई. आघातानेच निर्माण होणारी मास्केलिनाइट ही काच तेथे आढळल्यावर, १९७३ च्या सुमारास उल्काघाताची उपपत्ती स्थिर झाली. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसाल्ट खडकात झालेले असल्यामुळे चंद्रावरील विवरांच्या अभ्यासालाही ते उपयोगी ठरले. १९७९ मध्ये त्याला राष्ट्रीय भूवारसा स्मारकाचा आणि २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

या दोन कथा समोरासमोर आल्या की एक मोहक निष्कर्ष सुचतो. उल्का आकाशातून पडली. विष्णूही वरून आला. उल्केने जमीन फोडली. विष्णूने झाकण उडविले. म्हणजे आपल्या पूर्वजांनी उल्कापात पाहिला आणि तो कथेत जपून ठेवला! संकल्पना-मुखवटा करणाऱ्याला तर ही कल्पना आयतीच सापडते. असुराच्या कपाळावर जळती उल्का काढली की लोककथा आणि विज्ञान एक झाले.

हा निष्कर्ष टिकत नाही. विवराचे वय पूर्वी सुमारे ५२,००० वर्षे धरले जाई. २०११ पासून पुढे आलेल्या आरगॉन कालमापनानुसार ते सुमारे साडेपाच ते साडेसहा लाख वर्षांच्या दरम्यान जाते. आपल्या मानवजातीचे आजवर सापडलेले सर्वांत जुने अवशेष सुमारे तीन लाख वर्षांचे आहेत. म्हणजे उल्का पडली तेव्हा ती पाहून गोष्ट सांगणारा आपल्यापैकी कोणी नव्हता. जुना आकडा घेतला तरी पन्नास हजार वर्षांची आठवण कोणत्याही भाषेत टिकली असे मानण्यास आधार नाही. लोणासुराची कथा ही आठवण नाही.

मग ती काय आहे? ती निरीक्षण आहे, आणि चांगले निरीक्षण आहे. काठावर उभ्या राहिलेल्या माणसाला चहूबाजूंनी उचललेली कड, खोल गोल पोकळी आणि खारट पाणी दिसले. हे डोंगरासारखे उंच नाही आणि नदीसारखे वाहते नाही. कशाचे तरी झाकण काढल्यासारखे आहे. 'झाकण' ही प्रतिमा आकारावरून आली आहे आणि 'लवण' हे नाव पाण्यावरून. कथाकाराने जे पाहिले त्याचे कारण कल्पिले. भूवैज्ञानिकानेही जे पाहिले त्याचे कारण कल्पिले. फरक इतकाच, आणि तो लहान नाही, की त्याने आपले कारण खोटे ठरू शकेल अशा रीतीने मांडले. ज्वालामुखीचे कारण त्याने मांडले होते आणि तेच पुढे टाकूनही दिले. लोककथेवर हे बंधन नाही. ती टाकून द्यावी लागत नाही, म्हणूनच तिला पुरावा म्हणून उभे करता येत नाही. 'पूर्वजांना सर्व ठाऊक होते' असे म्हणणारा मुखवटा वैज्ञानिकाचा श्रम पुसतो आणि कथाकाराची कल्पनाशक्तीही पुसतो. त्याच्या मते कथाकाराने काही रचलेच नाही, केवळ बातमी दिली.

याच जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या पहाटे तिच्यावरून पाऊस, पीक, राजा यांचे भाकीत सांगितले जाते. लोकसंस्कृतीला भविष्याची भूक आहे याचे ते ठळक उदाहरण. भाकिताच्या सत्यतेवर आक्षेप घेतले गेले आहेत आणि ते रास्त आहेत. परंतु विज्ञानकथा भाकीत करते असे समजणारे वाचकही कमी नाहीत. विज्ञानकथा 'असे होईल' म्हणत नाही, 'असे झाले तर' म्हणते. मुखवट्यालाही हा 'तर' दाखविता आला पाहिजे.

मिठाचा चेहरा

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. असुराचे नाव उल्केवरून पडलेले नाही, मिठावरून पडलेले आहे. कथेचे लक्ष आकाशाकडे नव्हते, पाण्याकडे होते. लोणारचे क्षार हा शतकानुशतके व्यवहाराचा विषय होता. काठावर जमणाऱ्या क्षारांच्या पापडी, भुसकी, डल्ला अशा जाती जुन्या गॅझेटियरांत नोंदलेल्या आहेत. मराठीत भिंतीवर फुटणाऱ्या क्षाराच्या पांढऱ्या थराला 'लोणा' म्हणतात. घाटाखाली जुन्या घरांच्या ओलसर भिंतींना लोणा लागतो आणि गिलावा सुटतो, हे सांगावयास कोणी तज्ज्ञ लागत नाही. असुराचे नाव आणि भिंतीचा हा रोग एकाच शब्दातून आले आहेत, एवढी एक गोष्ट लक्षात घेतली की मुखवट्याची दिशा बदलते.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालील भागातही पसरला आहे. विहिरीला पाणी लागते, पण ते प्यावेसे नसते. शेताला दिले तर जमीन खराब होते. जळगाव जामोद आणि संग्रामपूर या तालुक्यांत खारे पाणी व मूत्रपिंडाचे विकार हा विषय वर्षानुवर्षे चर्चेत आहे. तेव्हा घाटाखालच्या विद्यार्थ्याला लोणासुर शोधण्यासाठी अंतराळात जाण्याचे कारण नाही. तो विंधनविहिरीच्या तळाशी आहे. जमिनीखाली झाकण लावून बसलेला खारट असुर आणि जमिनीला भोक पाडून झाकण उघडणारे यंत्र, हा जुळलेला सांगाडा आहे. वामनाच्या बाबतीत जुळला तसा. 'आणखी पन्नास वर्षे असेच खोल जात राहिलो तर' हा त्यातील विज्ञानकथेचा 'तर'.

येथे एक दक्षता घेणे भाग आहे. लोणारचे अल्कधर्मी सरोवर आणि पूर्णेच्या गाळाच्या जमिनीतील खारे भूजल यांची भूवैज्ञानिक कारणे वेगळी आहेत. त्यांना एका असुराच्या देहात एकत्र आणणे ही कल्पितकथेची कृती होय आणि ती कल्पित म्हणूनच सादर झाली पाहिजे. अन्यथा उल्केच्या बाबतीत जी चूक टाळली ती पाण्याच्या बाबतीत पुन्हा घडेल.

मुखवट्याच्या साहित्याचा विचार केल्यास कागदाचा लगदा हेच माध्यम येथे योग्य ठरते, आणि ते केवळ परंपरेचे म्हणून नव्हे. लगदा सच्छिद्र असतो. मातीच्या साच्यावर खळ आणि कागदाचे थर चढवून घडविलेला चेहरा न रंगविता मिठाच्या तीव्र द्रावणाने भिजविला, तर वाळताना पृष्ठभागावर स्फटिक फुटतात. पुन्हा भिजविला की पुन्हा फुटतात, पहिल्यापेक्षा अधिक. चेहऱ्याला खरोखरचा लोणा लागतो. प्रयोगागणिक तो बदलत जातो, नाकाच्या कडा बुजत जातात, आणि एका मर्यादेनंतर कागद ठिसूळ होऊन मुखवटा स्वतःच ढासळू लागतो. फायबरवर हे घडणार नाही. तेथे स्फटिक चिकटवावे लागतील आणि तो पुन्हा अलंकार होईल.

रंगाविषयी मोह मोठा आहे. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले. पाण्याची पातळी उतरून क्षारता वाढली, तेव्हा क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांच्या, म्हणजे हॅलोआर्किआच्या, रंगद्रव्यामुळे तसे झाले, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून पुढे आले. कथेत पाणी म्हणजे असुराचे रक्त, आणि पाणी लालसर झाले! मुखवटा गुलाबी रंगविण्याचा विचार कोणाच्याही मनात येईल. पण रंग सुरुवातीपासूनच दिला तर ती केवळ आठवण राहते. मीठ वाढल्याशिवाय तो रंग सरोवरातही येत नाही. म्हणून मुखवट्यावरही तो पहिल्या दिवशी असू नये. क्षाराचे थर चढत गेल्यावर, शेवटच्या प्रयोगांकडे, द्रावणातून उतरत यावा. मग रक्ताची कथा आणि सूक्ष्मजीवाचे कारण यांपैकी कोणतेही दुसऱ्याला खोडत नाही, आणि प्रेक्षकाला दोन्ही ठाऊक असतील तर तो स्वतः ती जोडतो.

राहिला प्रश्न मुखाचा. असुराला सुळे द्यावेत की नाहीत हा गौण मुद्दा आहे. द्यावयाचे नसल्यास उत्तम, कारण मंदिराच्या छतावर आणि दिनदर्शिकांवर ते पुष्कळ झाले आहेत. तोंडाच्या जागी गोल झाकण असावे, विंधनविहिरीच्या नळीवर असते तसे. झाकण बंद असेपर्यंत आतल्या नटाला बोलता येणार नाही, आणि श्वासही त्याला नाकाच्या छिद्रांतून जपून घ्यावा लागेल. बोहाड्यातील सोंगाप्रमाणे हे बंधनच त्याची चाल ठरवील. झाकण उघडल्यावर मात्र त्याने गर्जना करू नये. संकासुराप्रमाणे त्याने आपल्या मुलखाच्या बोलीत, म्हणजे वऱ्हाडीत बोलावे. बहिणींनी कसे फसविले ते सांगावे, आणि आपण झोपलो होतो, आपल्याला कोणी उठविले, असे समोरच्यांना विचारावे.

महाविद्यालयीन स्नेहसंमेलनात असे सोंग आले तर ते विनोदी वाटेल की भीतिदायक, हे बोलीच्या वापरावर अवलंबून राहील. वऱ्हाडी बोली रंगमंचावर आली की हशा पिकतो, ही सवय प्रेक्षकांना एकपात्री प्रयोगांनी आणि दूरचित्रवाणीने लावलेली आहे. नटाने हसू येऊ द्यावे. ते अडवू नये. मूळ कथेत झाकण विष्णूच्या अंगठ्याने उडाले होते. वडनेर भोलजीच्या रंगमंचावर ते कोणी उघडावे, यंत्र घेऊन आलेल्या ठेकेदाराने, पीक वाळताना पाहणाऱ्या शेतकऱ्याने की रिकामी घागर घेऊन आलेल्या बाईने, हे मुखवटा ठरवू शकत नाही. ते संहिता लिहिणाऱ्याचे काम आहे.